कोल्हापूरच्या मेस्त्रींचा कॅमेरा

सिनेमा पाहून आलो की आपण नटनट्यांची नावे घेतो. पण ज्याने तो टिपला, त्या कॅमेरावाल्याचे नाव क्वचितच कुणाच्या ध्यानात राहते. आज अशाच एका माणसाची हकिकत सांगायची आहे. त्याने तर आधी कॅमेराच घरी घडवला!

बाबुराव कृष्णराव मेस्त्री यांचा जन्म कोल्हापुरात 1890 साली झाला. ते आणि त्यांचे बंधू आनंदराव नाटक कंपन्यांचे पडदे रंगवीत, म्हणून लोक त्यांना 'पेंटर' म्हणू लागले. 1913 साली दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' आला आणि दोघांना चित्रपटाचे वेड लागले. विलायती कॅमेरा घ्यायचा तर पैसा कुठला? तेव्हा आपणच करू, असे ठरले. पण 1916 साली आनंदराव वारले. काम अर्धवट राहिले. बाबुरावांनी शिष्य दामले यांना हाताशी धरून 1918 साली ते तडीस नेले.

यातली अवघड गोष्ट कोणती? घरचे शिवणयंत्र पाहा. सुई कापडात असते तोवर कापड थांबते, सुई वर गेली की पुढे सरकते. कॅमेऱ्यातली फिल्मही अशीच थांबत-थांबत चालावी लागते. थांबली की झडप उघडायची, चित्र उमटले की मिटायची. हे सारे हाताने दांडा फिरवून, सेकंदाला साधारण सोळा वेळा! दात्यात केसभर चूक झाली तरी चित्र हलणार.

त्याच सुमारास अमेरिकेत बिली बिट्झर हे नामांकित छायाचित्रकार ग्रिफिथसाहेबांचे चित्रपट टिपत होते. त्यांच्या हाती कारखान्यात तयार झालेला पाथे कॅमेरा होता. आपल्या मेस्त्रींच्या हाती कानस आणि हातोडी होती.

तानीबाई कागलकरांच्या साहाय्याने महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. 1920 साली पुण्यात 'सैरंध्री' झळकला आणि लोकमान्य टिळकांनी बाबुरावांना 'सिनेमा केसरी' म्हणून गौरवले.

शेतकऱ्याने विसरू नये असा त्यांचा चित्रपट म्हणजे 1925 चा 'सावकारी पाश'. देवादिकांच्या कथा चालत असताना त्यांनी कर्जापायी जमीन गमावून शहरात गिरणीची वाट धरणारा कुणबी पडद्यावर आणला. त्या तरुण शेतकऱ्याची भूमिका व्ही. शांतारामांनी केली होती. मूकपट तो, शब्द नाहीत. अंधारी झोपडी आणि रडणारे कुत्रे एवढ्यावरच त्या घराची दशा कळे. ज्याच्या सात-बाऱ्यावर बोजा चढला आहे, त्याला ती आजही समजावून सांगावी लागणार नाही.

दामले, फत्तेलाल, शांताराम हे याच कंपनीत शिकले आणि 1929 साली कोल्हापुरातच 'प्रभात' निघाली. बाबुराव 1954 साली गेले.

आपल्या घरातला एखादा पोरगा मोटारपंप खोलून बसला, तर त्याच्यावर लगेच डाफरू नका. पाना कुठला लागतो, तेवढे विचारा आणि तो आणून द्या.