डँपरावर हातोडा नको

दसऱ्यास छत्रपतींची जुनी मेबॅक मोटर दसरा चौकांत आली म्हणजे सारें करवीर तिच्याकडे कौतुकानें पाहतें. जुनी मोटर चालती ठेवण्यास किती निगा लागते, हें मात्र आम्हांस एका स्नेह्यांच्या घरीं कळलें.

त्यांच्याकडे वडिलांच्या वेळची सहा सिलिंडरांची मोटर आहे. गेल्या श्रावणांत ती एका ठराविक वेगास आली कीं थरथरूं लागे; वेग थोडा वाढविला कीं शांत होई. ठिणगीची वेळ खुणेबरहुकूम जुळविली तरी इंजिन ठोके देई. मोटर मोडींत काढावी, असा सल्लाही मिळाला. परंतु मातुश्री ऐकेनात. शेवटीं उद्यमनगरांतील एका वृद्ध मेस्त्र्यांस बोलाविलें.

क्रँकशाफ्ट पोलादी खरा, तरी प्रत्येक स्फोटासरशी तो किंचित् पिळला जातो व उलगडतो. मिनिटास ३,००० फेरे झाले तर अशा इंजिनांत ९,००० स्फोट होतात. हे हिसके त्याच्या अंगच्या कंपनाशीं जुळले कीं पीळ वाढतो, आणि प्रसंगीं शाफ्ट मोडतो. हें कंपन जिरविणारा डँपर इंग्लंडांत फ्रेडरिक लँचेस्टर यांनीं १९१० च्या सुमारास योजिला. या मोटरीचा डँपर रबरी होता: आंत तुंबा, भोंवतीं रबर व बाहेर जड कडें. रबर जुनें झालें म्हणजे कडें सरकतें. आणि ठिणगीची खूण त्याच कड्यावर असल्यानें तीही खोटी पडते.

मेस्त्र्यांनीं तुंबा, रबर व कडें यांवरून रंगाची एकच सरळ रेघ ओढली व मोटर फिरवून आणिली. परत येतांच रेघ दुभंगलेली दिसली!

स्नेह्यांचे चिरंजीव हातोडा घेऊन पुढें सरसावले, तों मेस्त्र्यांनीं त्यांचा हात धरिला. पट्टा व मधला बोल्ट काढून त्यांनीं पुलरचे स्क्रू तुंब्यांत बसविले. कड्यास ओढ लागूं दिली नाहीं. आंतील तेलाचें सील बदललें, आणि नवा डँपर न ठोकतां स्क्रूनें हळूहळू दाबून बसविला. मग पहिला दट्ट्या माथ्यावर आणून नवी खूण पडताळली.

दसऱ्यास मातुश्री त्याच मोटरींतून अंबाबाईच्या दर्शनास गेल्या. ज्या वाचकांच्या घरीं अशी मोटर असेल, त्यांनीं ती मोडींत काढण्यापूर्वीं एक रेघ अवश्य ओढून पाहावी.