सनद विद्यापीठाची, सत्ता मंत्रालयाची

महाराष्ट्रात आज चार कृषी विद्यापीठे आहेत. राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ १९६८ साली, अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ १९६९ साली, आणि परभणी व दापोली येथील विद्यापीठे १९७२ साली स्थापन झाली. ती कोणा सत्ताधाऱ्याच्या औदार्यातून मिळालेली नाहीत. विद्यापीठ आपल्या भागात यावे म्हणून १९६७ मध्ये विदर्भात तीव्र आंदोलन झाले आणि त्यात तरुणांचे बळी पडले. मराठवाड्यालाही परभणीसाठी रस्त्यावर यावे लागले. ज्या संस्थांसाठी सामान्य माणसाने रक्त सांडले, त्यांच्या कारभारात त्या सामान्य माणसाला आज कोणते स्थान आहे, हा प्रश्न विचारण्याची वेळ कधीच येऊन ठेपली आहे.

या प्रश्नाचे उत्तर विद्यापीठांच्या सनदेत, म्हणजे ‘महाराष्ट्र कृषी विद्यापीठे अधिनियम, १९८३’ या कायद्यात शोधले पाहिजे. आधीचे कायदे एकत्र करून हा कायदा करण्यात आला. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत शेती, आणि तिच्याबरोबरच कृषी शिक्षण व संशोधन, हे विषय राज्यसूचीत आहेत. बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने १९७६ साली सर्वसाधारण शिक्षण समवर्ती सूचीत गेले, तरी कृषी शिक्षण राज्याकडेच राहिले. त्यामुळे या कायद्यातील उणिवांचे खापर दिल्लीच्या माथी फोडण्याची सोय मुंबईच्या सत्ताधाऱ्यांना नाही.

या कायद्याची रचना थोडक्यात अशी. राज्यपाल हे कुलपती. राज्याचे कृषिमंत्री हे प्रतिकुलपती. चारही विद्यापीठांच्या कामाचा समन्वय करण्यासाठी पुण्यात महाराष्ट्र कृषी शिक्षण व संशोधन परिषद. तिची सूत्रेही कृषिमंत्र्यांच्याच हाती. विद्यापीठाचा प्रत्यक्ष कारभार कुलगुरूंच्या अध्यक्षतेखालील कार्यकारी परिषदेकडे. तीत विधिमंडळाचे सदस्य असतात, शासनाचे अधिकारी असतात, शास्त्रज्ञ असतात, ‘प्रगतिशील’ शेतकरी आणि कृषि-उद्योजकही असतात. मात्र या शेतकऱ्यांना व उद्योजकांना कोणी निवडून दिलेले नसते, त्यांचे नामनिर्देशन वरून होते. प्रगतिशील कोणास म्हणावे हे जेथे मंत्र्याने ठरवायचे, तेथे दोन एकर कोरडवाहू जमिनीवर गुजराण करणारा शेतकरी त्या व्याख्येत क्वचितच बसणार, हे सांगण्यास ज्योतिषाची गरज नाही. शेतमजुरांच्या संघटनांनी निवडून पाठवलेला प्रतिनिधी तर या रचनेत कोठेच नाही.

इतर विद्यापीठांशी तुलना केली म्हणजे हा भेद अधिक स्पष्ट होतो. २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्यान्वये तेथे अधिसभा आहे, आणि तिच्यावर शिक्षक व पदवीधर आपले प्रतिनिधी निवडून पाठवतात. कृषी विद्यापीठांच्या कायद्यात अधिसभेला जागाच नाही. सार्वजनिक विद्यापीठांत मंत्र्यास प्रतिकुलपती करण्याचे विधेयक डिसेंबर २०२१ मध्ये विधिमंडळाने संमत केले, तेव्हा स्वायत्ततेचा गळा घोटला जात असल्याची ओरड राज्यभर झाली आणि पुढे ते विधेयक मागे घेण्यात आले. ती ओरड रास्तच होती. परंतु तीच तरतूद कृषी विद्यापीठांत वर्षानुवर्षे अमलात असता शहरी विद्वज्जनांपैकी किती जणांना तिची आठवण झाली? शेतकऱ्यांच्या मुलांच्या विद्यापीठात मंत्र्याने बसावे, हे जणू आपण सर्वांनी गृहीतच धरले आहे.

स्वायत्ततेची ही चर्चा केवळ प्राध्यापकांची आहे, असे कोणी समजू नये. तिचा पहिला फटका विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावर राबणाऱ्या मजुरास बसतो, आणि याचा पुरावा सर्वोच्च न्यायालयाच्या दप्तरात आहे. नवे वाण तयार करण्यासाठी, बियाणे पिकवण्यासाठी, रोपवाटिका सांभाळण्यासाठी या विद्यापीठांनी वर्षानुवर्षे रोजंदारीवर माणसे राबवली. त्यांपैकी अनेकांनी नाशिक जिल्हा शेत कामगार युनियनसारख्या संघटनांच्या बळावर औद्योगिक न्यायालयात धाव घेतली. महाराष्ट्रात कामगार संघांना मान्यता देणारा आणि अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध करणारा १९७१ चा कायदा आहे. कायमपणाचे लाभ नाकारण्याच्या हेतूने कामगारांना वर्षानुवर्षे तात्पुरते वा नैमित्तिक म्हणून ठेवणे, ही त्या कायद्याने अनुचित प्रथा ठरवली आहे. मजुरांचा आधार हाच होता.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २००१ साली निकाल लागला. त्याचे सार असे: कायद्यानुसार शासनाच्या मंजुरीवाचून नवी पदे निर्माण करण्याचा अधिकार विद्यापीठास नाही, पदेच नसताना कायमपणा देता येत नाही, आणि मंजुरी देण्यास शासनाने वेळ लावला, म्हणून विद्यापीठाने अनुचित प्रथा अवलंबिली असे म्हणता येत नाही. कायद्याच्या चौकटीत हे तर्कशास्त्र सुसंगत असेल. परंतु मजुराच्या बाजूने पाहा. ज्याने त्यास कामावर ठेवले, त्या विद्यापीठास पद देण्याचा अधिकार नाही. ज्यास पद देण्याचा अधिकार आहे, ते शासन त्याचे मालक नाही. घाम गाळून घेणारा एक, तिजोरीची किल्ली दुसऱ्याकडे, आणि जबाबदारी कोणाचीच नाही! खाजगी कारखानदारास आपला मजूर कंत्राटदाराच्या नावावर दाखवून जे साधावे लागते, ते येथे विधिमंडळाच्या कायद्यानेच साधून दिले आहे.

ज्यांच्या जमिनींवर ही विद्यापीठे उभी राहिली, त्या प्रकल्पग्रस्तांची कथा याहून वेगळी नाही. जमीन घेताना शासन पुढे होते. नोकरी मागावयास गेल्यावर विद्यापीठ मंत्रालयाकडे बोट दाखवते आणि मंत्रालय विद्यापीठाकडे. जमीन देणाऱ्यांची दुसरी, तिसरी पिढी विद्यापीठाच्या फाटकासमोर उपोषणास बसते आणि आत पदे रिक्त पडून असतात.

येथे देशातील पहिल्या कृषी विद्यापीठाचे स्मरण करणे भाग आहे. अमेरिकेत १८६२ च्या कायद्याने सरकारी जमिनी देऊन जी महाविद्यालये उभारली गेली, त्यांच्या धर्तीवर १९६० साली पंतनगर येथे नेहरूंच्या हस्ते त्या विद्यापीठाचे उद्घाटन झाले. शिक्षण, संशोधन आणि विस्तार ही तिन्ही कामे एकाच संस्थेने करावीत, ही कल्पना निःसंशय चांगली होती. पण हजारो एकरांचे प्रक्षेत्र हाती येताच विद्यापीठ हे एक मोठे जमीनदारही बनले, आणि त्या जमिनीवर राबणाऱ्यांना कारभारात स्थान मिळाले नाही. १३ एप्रिल १९७८ रोजी तेथे आंदोलन करणाऱ्या कामगारांवर सशस्त्र पोलिसांनी गोळीबार केला आणि अनेक कामगार ठार झाले. त्या वेळी लखनौत काँग्रेसचे नव्हे, तर जनता पक्षाचे सरकार होते, हे समाजवाद्यांनी विसरता कामा नये. मंत्री बदलला तरी सनद तीच राहिली, तर मजुराच्या नशिबी काय येते, हे पंतनगरने दाखवून दिले आहे.

कारभार कोणाच्या हाती यावर संशोधन कोणासाठी हेही ठरते. महाराष्ट्रातील बहुतेक शेती आजही पावसावर अवलंबून आहे. या विद्यापीठांतील शास्त्रज्ञांनी ज्वारी, तूर, कापूस, भात या पिकांवर मोलाचे काम केले आहे, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. परंतु कोणत्या पिकास किती पैसा, कोणत्या केंद्रास किती माणसे, हे ठरवणाऱ्या बैठकीत बागाईतदार आणि उद्योजक बसणार आणि कोरडवाहू शेतकरी, खंडकरी व मजूर बाई बाहेर राहणार असेल, तर शास्त्रज्ञांच्या सदिच्छेवर आम्ही कोठवर विसंबावे?

जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे तक्रार मांडली होती की, रयतेच्या श्रमातून गोळा होणारा महसूल सरकार वरिष्ठ वर्गांच्या शिक्षणावर खर्च करते. पुढच्याच वर्षी त्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी हा कायदा झाला. राहुरीच्या विद्यापीठास त्यांचे नाव दिले, हे योग्यच झाले. पण त्यांची तक्रार मात्र सनदेच्या बाहेरच राहिली.

या कायद्यात मूलभूत दुरुस्ती व्हावी, अशी आमची मागणी आहे. मंत्र्याचे प्रतिकुलपतिपद रद्द करावे आणि समन्वय परिषदेचे अध्यक्षपद शिक्षणतज्ज्ञाकडे द्यावे. कार्यकारी परिषदेवर अल्पभूधारक शेतकरी, शेतमजूर, विद्यापीठाचे कामगार, शिक्षक आणि विद्यार्थी यांचे निवडून आलेले प्रतिनिधी असावेत व त्यांत स्त्रियांना निम्म्या जागा असाव्यात. पदांच्या मंजुरीचा प्रस्ताव शासनाने सहा महिन्यांत निकालात काढला नाही, तर तो मंजूर झाला असे कायद्यानेच मानावे. रोजंदारी मजुरांच्या बाबतीत शासन आणि विद्यापीठ हे दोघेही संयुक्तपणे जबाबदार मालक ठरावेत. प्रकल्पग्रस्तांचा नोकरीचा हक्क शासन निर्णयांच्या लहरीवर न ठेवता कायद्याच्या कलमात यावा. आणि दरवर्षी विद्यापीठाने आपला जमाखर्च व संशोधनाचा कार्यक्रम आपल्या क्षेत्रातील शेतकऱ्यांच्या जाहीर सभेपुढे ठेवावा.

या मागण्यांना उत्तर म्हणून ‘राजकारण विद्यापीठाबाहेर ठेवा’ असा उपदेश ऐकावयास मिळेल. मंत्री ज्या विद्यापीठाचा प्रतिकुलपती आहे, तेथे राजकारण आधीच आत बसलेले आहे. प्रश्न एवढाच की ते कोणाचे असावे. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली या परिसरांतील कार्यकर्त्यांनी रोजंदारी मजूर आणि प्रकल्पग्रस्त यांच्या वेगवेगळ्या चाललेल्या लढ्यांची एकत्र मोट बांधावी, ग्रामसभांतून ठराव करून घ्यावेत, आणि आपापल्या आमदारास या कायद्याच्या दुरुस्तीविषयी जाहीर भूमिका घेण्यास भाग पाडावे. आंदोलनातून आलेली विद्यापीठे जनतेच्या हाती यावयाची, तर त्यासाठीही आंदोलनाचाच मार्ग धरावा लागेल.