शब्दविवेक : नॉमिनी आणि वारस

नात्यांच्या शब्दांत मराठी श्रीमंत आहे. चुलतभाऊ, मामेभाऊ, आतेभाऊ आणि मावसभाऊ या चौघांना इंग्रजी एकाच ‘कझिन’मध्ये बसविते, दीर, मेहुणा आणि बहिणीचा नवरा हे सारे तिच्या लेखी ‘ब्रदर-इन-लॉ’. म्हणूनच भारतात ‘कझिन ब्रदर’ हा जोडशब्द रूढ झाला. प्रमाण इंग्रजीत नुसते ‘कझिन’ पुरते. ही चूक झाली तरी कोणाचे नुकसान होत नाही.

पेढीवर मात्र चित्र उलटते. तेथे इंग्रजीचे शब्द काटेकोर असतात आणि बोलण्यात त्या सर्वांवर ‘वारस’ हा एकच शिक्का बसतो. त्या चुकीची किंमत घराला मोजावी लागते.

‘नॉमिनी’ आणि ‘एअर’ : ‘एअर’ म्हणजे वारस. या शब्दाच्या आरंभीच्या ‘एच’चा उच्चार होत नाही, ‘हेअर’ म्हटले की त्याचे केस होतात. नॉमिनी म्हणजे नामनिर्देशित व्यक्ती. खातेदाराच्या पश्चात बँकेने रक्कम कोणाच्या हाती द्यावी, एवढेच त्या नावाने ठरते. समजा, एका कापड व्यापाऱ्याने स्वकष्टार्जित 12 लाखांची ठेव ठेवली आणि नॉमिनी म्हणून थोरल्या मुलाचे नाव लिहिले. मृत्युपत्र केले नाही. त्यांची आई हयात नाही. मागे पत्नी, दोन मुलगे आणि एक विवाहित कन्या आहे. बँक सर्व रक्कम थोरल्याच्या हाती देईल व मोकळी होईल. परंतु ती रक्कम चौघांची आहे. जैनांना लागू असलेल्या 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानुसार प्रत्येकाचा वाटा 3 लाखांचा. मृत्युपत्र असते, तर त्यात ज्याला देणगी लिहिली तो ‘लेगटी’ ठरला असता. सर्वोच्च न्यायालयाने कंपन्यांच्या शेअरबाबतही 2023 मध्ये हाच अर्थ कायम केला. आयुर्विम्यात एक अपवाद आहे : 2015 च्या दुरुस्तीनंतर आईवडील, पती किंवा पत्नी आणि मुले यांपैकी कोणी नॉमिनी असल्यास सामान्यतः त्या रकमेचा लाभ त्यांचाच असतो.

‘पार्टनर’ आणि ‘कोपार्सनर’ : पार्टनर म्हणजे भागीदार. हे नाते करारातून निर्माण होते, असे 1932 चा भागीदारी कायदा सांगतो. कोपार्सनर म्हणजे सहदायाद. अविभक्त कुटुंबातील हे नाते जन्माने मिळते. वडिलांसोबत वीस वर्षे गादीवर बसलेला मुलगा तेवढ्याने फर्मचा भागीदार होत नाही, करार लागतो. उलट, कधीही दुकानात न आलेली कन्या 2005 पासून अविभक्त कुटुंबाच्या मिळकतीत मुलाइतकीच सहदायाद आहे. लग्नानंतरही तिचा हा हक्क राहतो. घरात आलेली सून कुटुंबाची सदस्य असते, सहदायाद नव्हे. ‘मुलगी परक्या घरी गेली, आता तिचे काय?’ हे वाक्य अनेक घरांत अजूनही सहज उच्चारले जाते. कायद्याच्या भाषेत ते चूक आहे.

‘हाफ ब्रदर’ आणि ‘स्टेप ब्रदर’ : मराठीत दोघेही सावत्रच. आई किंवा वडील यांपैकी एक समान असेल तर तो ‘हाफ ब्रदर’. सावत्र आईने किंवा वडिलांनी पूर्वीच्या विवाहातून सोबत आणलेला मुलगा ‘स्टेप ब्रदर’. त्याच्याशी रक्ताचे नाते नसते. प्रेमात हा भेद नसावा, पण अर्जात तो अचूक लिहावा लागतो.

शब्दांचा हा विवेक केवळ कायद्यापुरता नाही. तत्त्वार्थसूत्रात सत्याणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत ‘न्यासापहार’ हा एक आहे : विश्वासाने सोपविलेली ठेव दडपणे. नॉमिनीच्या हाती आलेली रक्कम हीदेखील ठेवच होय. ती आपली मानून बसणारा थोरला भाऊ बहुधा लोभी नसतो. त्याने एका शब्दाचा चुकीचा अर्थ धरलेला असतो. परंतु धाकट्या भावाला आणि बहिणीला तो लोभच दिसतो, आणि एका ताटात जेवलेली भावंडे न्यायालयाच्या दारात उभी राहतात.

यावर उपाय सोपा आहे. दिवाळीत वहीपूजन झाले की घरातील वडीलधाऱ्यांनी मुलगे, सुना आणि कन्या यांना एकत्र बसवावे. कोणत्या ठेवीवर कोणाचे नाव आहे व ते कशासाठी आहे, हे मराठीत सांगावे. आणि आपली इच्छा त्याहून वेगळी असेल तर मृत्युपत्र करावे. वडिलांच्या तोंडून ऐकलेला अर्थ मुले सहसा विसरत नाहीत.