विस्तव राखण्याची विद्या

फाल्गुन लागला की कर्जत-खालापूरच्या डोंगरांवर रात्री आगीच्या माळा दिसू लागतात. कर्जतहून खोपोलीकडे जाणाऱ्या लोकलच्या खिडकीतून ते दृश्य सुंदरही वाटते. सकाळी डोंगर काळा झालेला असतो, हवेत राख असते, आणि चहाच्या टपरीपासून प्राध्यापकांच्या खोलीपर्यंत एकच निदान ऐकू येते : ‘वाडीवरच्यांचे काम.’ ठाकर-कातकरी मंडळींना आगीची सवय आहे, आगीची भीती नाही, म्हणून ते डोंगर पेटवतात, असा या निदानाचा मथितार्थ. काही वर्षांपूर्वीपर्यंत आमचेही मत याहून फार वेगळे नव्हते. ते का बदलले हे सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

आम्ही मराठी शिकवणारी माणसे, तेव्हा आरंभ शब्दांपासून करू. आपल्या भाषेत आगीला एक नाव नाही. ठिणगी, जाळ, ज्वाळा, निखारा, इंगळ, फुफाटा, धग, विस्तव, वणवा असे कितीतरी शब्द आहेत. क्रियापदेही तशीच : पेटणे, धुमसणे, भडकणे, भाजणे, शेकणे, करपणे. हे शब्द परस्परांचे पर्याय नव्हेत. धग लागते, ती अंतरावरून. निखारा दिसतो, पण त्याला जाळ नसतो. फुफाट्यात रताळे भाजते, जाळावर ते वरून करपते आणि आत कच्चे राहते. पाठ्यपुस्तकात ज्वलनाचा धडा वाचण्याच्या कितीतरी आधी चुलीपुढे बसलेल्या बाईने ज्वलनाच्या अवस्थांचे हे वर्गीकरण करून ठेवले होते.

आणि ते शास्त्रशुद्ध आहे. आपण ‘लाकूड जळते’ असे म्हणतो. वस्तुतः लाकूड जसेच्या तसे जळत नाही. उष्णता मिळाली की प्रथम त्यातले पाणी वाफ होऊन जाते. ओली फाटी धुरते ती यामुळे : उष्णतेचा मोठा भाग पाणी उकळण्यातच खर्ची पडतो. पुढे तापमान अडीचशे-तीनशे अंशांच्या आसपास गेले की लाकडाचे विघटन होऊन ज्वलनशील वायू बाहेर पडतात. हे वायू हवेतल्या प्राणवायूशी संयोग पावतात, तो जाळ. वायू संपल्यावर जो कोळसा उरतो तो पृष्ठभागावर जळत राहतो, तो निखारा. जळण, प्राणवायू आणि उष्णता या तिन्हींचा मेळ असेल तरच आग. तिघांपैकी एक काढून घ्या, आग गेली. फुंकणी प्राणवायू वाढवते. पाणी मुख्यतः उष्णता हिरावून घेते. लाकडे मागे ओढली की जळण तुटते. रात्री निखारा राखेखाली पुरून ठेवण्याची जुनी रीत तर अपूर्वच : राख हवा जेमतेम आत जाऊ देते आणि उष्णता बाहेर जाऊ देत नाही, त्यामुळे विस्तव मरतही नाही आणि भडकतही नाही. मराठीत यालाच विस्तव ‘राखणे’ म्हणतात.

हीच विद्या शेतात उतरली की तिला राब म्हणतात. पावसाळ्यापूर्वी भाताच्या रोपवाटिकेची जागा भाजून घ्यायची ही कोकणातली जुनी पद्धत. खाली शेण, त्यावर झाडांचा कवळ आणि पालापाचोळा, त्यावर गवत आणि सर्वांत वर मातीचा पातळ थर. या मातीमुळे हवा कमी मिळते, ज्वाळा उठत नाहीत, ढीग धुमसत राहतो आणि उष्णता जमिनीत मुरते. तणाचे बी आणि किडीची अंडी मरतात, राखेतून पालाश मिळते. हे सारे पेटवायचे ते वाऱ्याच्या पुढच्या टोकाकडून, म्हणजे आग वाऱ्याच्या विरुद्ध, सावकाश मागे सरकत येते. विसाव्या शतकाच्या आरंभी पुण्याच्या कृषी महाविद्यालयातील हॅरल्ड मान यांच्यासारख्या रसायनज्ञांना राबाचा अभ्यास करावासा वाटला, तो उगाच नव्हे.

मात्र सरकारला राबात मुख्यतः जंगलाची नासाडी दिसली. राखीव जंगलांचे कायदे आले आणि कवळ तोडणे हा तंट्याचा विषय झाला. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतील तक्रारी इतक्या वाढल्या की १८८५ साली मुंबई सरकारला जंगल आयोग नेमावा लागला. त्याच्या १८८७च्या अहवालात राबाच्या प्रश्नाने मोठी जागा घेतली आहे. पुढे १९२७च्या भारतीय वन अधिनियमाने राखीव वनात आग लावणे हा गुन्हा ठरवला, ते योग्यच होते. पण त्याच अधिनियमाचे ७९ वे कलम असे सांगते की, वनात हक्क असणाऱ्यांनी आग विझवण्यास मदत केलीच पाहिजे. म्हणजे आग लागली की पहिला संशय ज्यांच्यावर, विझवण्याची पहिली जबाबदारीही त्यांच्यावरच. या विसंगतीकडे आमचे लक्ष कधी गेले नव्हते. ते गेले, ते आमच्या हातून घडलेल्या एका प्रकारामुळे.

महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी एका टेकडीच्या उतारावर दोनेकशे रोपे लावली होती. वणव्यापासून त्यांचे रक्षण व्हावे म्हणून भोवती जाळरेषा काढावी, असे आमच्या मनात आले. जाळरेषा म्हणजे आधीच जाळून मोकळा केलेला पट्टा. मोठी आग तिथवर आली की तिला जळण मिळत नाही. कल्पना बिनचूक होती. आम्ही ती अमलात आणली मार्च महिन्यात, एका शनिवारी, भर दुपारी आणि उताराच्या खालच्या अंगाने. पाच मिनिटांत आग आमच्या हातातून गेली.

का गेली, हे आज सांगता येते. चढावर ज्वाळा वरच्या गवताकडे झुकतात आणि तापलेली हवा त्याला जळण्याआधीच वाळवते. साधारण दहा अंशांच्या चढाला आगीचा वेग दुपटीने वाढतो, असा ठोकताळा आहे. दिवसा तापलेल्या उतारावर वाराही खालून वर वाहतो. म्हणून जाळरेषा काढायची ती थंडी सरण्याच्या आत, गवतावर दव असताना, सकाळी, आणि वरून खाली. आम्ही यातली प्रत्येक गोष्ट उलट केली होती.

विझवायला आली ती वाडीवरची माणसे, कोणी न बोलावता. बायकांनी ओल्या फांद्या तोडून आगीच्या कडा झोडपायला सुरुवात केली. एक म्हातारे गृहस्थ मात्र आगीकडे न जाता तिच्या बरेच वर, पायवाटेपाशी गेले आणि तिथून त्यांनी खालच्या दिशेने दुसरी आग लावली. आम्ही ओरडलो. त्यांनी वळूनही पाहिले नाही. त्यांची आग हळूहळू खाली उतरली, आमची वेगाने वर चढली. दोघी भेटल्या आणि जळायला काहीच न उरल्याने विझल्या. रोपे वाचली नाहीत, पण वरचे जंगल वाचले. नंतर घाम पुसत बाबा एवढेच म्हणाले, “सर, वारा नाय बघितलात तुम्ही.”

यापुढचे लिहिणे अधिक अवघड आहे. सोमवारी प्राध्यापकांच्या खोलीत नेहमीचे निदान झाले : वाडीवरच्यांनी लावली. आम्ही गप्प राहिलो. आठ दिवसांनी वनरक्षकांना खरे काय ते सांगितले. पण तोवर गावात पसरलेले बोलणे आम्हांला परत घेता आले नाही. ते आजही कानी येते.

याचा अर्थ वाडीतून कधीच आग लागत नाही, असा नव्हे. गवत नवे फुटावे म्हणून, शिकारीसाठी, केवळ निष्काळजीपणानेही डोंगर पेटवले जातात, आणि त्यात सरपटणारे जीव, पक्ष्यांची घरटी, ऐन-किंजळाची कोवळी रोपे जातात. त्याचे समर्थन कोणी करू नये. पण प्लॉटची साफसफाई करणारा, बांधावरचा कचरा पेटवून जेवायला जाणारा, सहलीची चूल तशीच सोडून निघणारा हे आपल्या निदानात कधीच का येत नाहीत? कारण सरळ आहे : ते आपल्यातले असतात.

आमचे म्हणणे असे की, आगीची ओळख असलेली माणसे हा धोका नाही; ओळख नसलेल्यांच्या हातातली काडी हा धोका आहे. आणि ओळख असलेल्यांनाच आपण गमावत आहोत. कातकरी हे नावच कातावरून, म्हणजे खैराचा गाभा उकळून कात काढण्याच्या कामावरून आले. कोळशाची भट्टी लावणे हेही त्यांचेच काम. आत हवा किती जाऊ द्यायची, धुराचा रंग पालटला की तोंड केव्हा बुजवायचे, हे त्यांचे शास्त्र. आज दिवाळीनंतर अनेक कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात ती पावसाच्या तोंडावर परततात. म्हणजे वणव्याच्या नेमक्या महिन्यांत आग जाणणारे हात परगावी, दुसऱ्याची आग राखत, उचलीच्या कर्जात असतात. आणि इथे डोंगर जळतो.

गतकाळाचे गोडवे गाण्याचा आमचा हेतू नाही. राब टिकलाच पाहिजे, असेही आम्ही म्हणत नाही. याच तालुक्यात नेरळला चंद्रशेखर भडसावळे यांनी विकसित केलेल्या सगुणा भात तंत्रात गादीवाफ्यावर थेट टोकणी होते. रोपवाटिका नाही, लावणी नाही, म्हणून राबही नाही. झाडांचा पाला वाचतो, धूर वाचतो. पद्धत कालबाह्य होऊ शकते. तिच्या पोटातले ज्ञान होत नाही.

म्हणून मागणी साधी आहे. २००६च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभांना वन राखण्याचा हक्क दिला आहे. त्याला मजुरीची जोड द्यावी. पौष-माघात जाळरेषा काढण्याचे आणि उन्हाळाभर पहाऱ्याचे काम वाडीतल्या लोकांना रोख मोबदल्यावर मिळाले, तर काही कुटुंबांची भट्टीची वाट तरी चुकेल. आणि आमच्यासारख्यांनी विद्यार्थ्यांना घेऊन एकदा तरी त्यांच्या हाताखाली काम करावे.

टेकडीवर आम्ही पुन्हा रोपे लावली आहेत. जाळरेषा आता दरवर्षी निघते, सकाळी, वरून खाली. ती बाबा काढतात; आम्ही ओल्या फांद्या घेऊन कडेला उभे राहतो.