बरा तर दिसतोस की!



रेल्वे स्टेशनवर, बँकेत, दवाखान्याच्या दारात एक निळी पाटी तुम्ही नक्की पाहिली असेल. निळ्या चौकोनात पांढऱ्या रेघांनी काढलेली चाकांची खुर्ची आणि त्या खुर्चीत बसलेला माणूस. ही सोय अपंगांसाठी आहे, असं ती पाटी सांगते. ते चित्र मुळात कोणी काढलं, ठाऊक आहे? डेन्मार्कच्या सुझान कोफोड नावाच्या एका विद्यार्थिनीनं, १९६८ साली. गंमत म्हणजे तिच्या चित्रात माणसाचं डोकंच नव्हतं! पुढं कार्ल मोंटान नावाच्या गृहस्थांनी वर एक गोल ठेवला आणि मग खुर्चीत माणूस आला.

चित्र इतकं सोपं होतं की जगभर गेलं. भाषा येवो न येवो, पाटी कळते. पण त्यामुळं एक झालं. 'अपंग' म्हटलं की आपले डोळे आधी चाकं शोधायला लागतात. चाकं नसली तर कुबडी, काठी, काळा चष्मा. यातलं काहीच दिसलं नाही की आपण मनातल्या मनात निकाल देऊन मोकळे. "ह्याला काय धाड भरलीय? बरा तर दिसतोय की!"

मुंबईच्या लोकलमध्ये अपंगांसाठी राखीव डबा असतो. कर्करोगाच्या रुग्णांनाही त्यात बसता येतं. आता कर्करोग काही कपाळावर लिहिलेला नसतो. परळला उपचाराला निघालेला एखादा तरणाबांड दिसणारा मुलगा त्या डब्यात चढला, की चार जण त्याच्याकडं वळून बघतात, आणि पाचवा "उतर खाली" म्हणतो. बिचाऱ्यानं खिशातून कागद काढून दाखवायचा. रोज, नव्या माणसाला.

हे झालं अनोळखी गर्दीचं. वर्गात तर सगळे ओळखीचे असतात ना? मग तिथलं बघू.

समजा, तुमच्या वर्गात एक मुलगा आहे. सातवीतला. त्याला नाव नको देऊ या. दिसायला तुमच्यासारखाच. हातपाय धड, डोळे-कान ठीक, खोड्याही काढतो. पण महिन्यातून दोन-तीन दिवस शाळेला दांडी. वर्गात सारखं पाणी पितो आणि सारखं "सर, लघवीला जाऊ?" म्हणून बोट वर करतो. थंडीत पी.टी.च्या तासाला स्वेटर काढायला तयार नसतो. मैदानाला दोन फेऱ्या झाल्या की बसकण मारतो. सर ओरडतात, मुलं हसतात. कोणी त्याला 'दांडीबहाद्दर' म्हणतं, तर कोणी 'पाण्याची टाकी'.

या मुलाला सिकलसेल आहे.

आपलं रक्त लाल दिसतं ते त्यातल्या तांबड्या पेशींमुळं. निरोगी तांबडी पेशी गोल असते आणि मधे दबलेली, अंगठ्यानं दाबलेल्या पेढ्यासारखी. फरक इतकाच की ती दोन्ही बाजूंनी दबलेली असते. ती मऊ आणि लवचिक असते, त्यामुळं केसाहून बारीक रक्तवाहिनीतूनही अंग चोरून निघून जाते. तिच्या पोटात हिमोग्लोबिन असतं, ते प्राणवायू वाहून नेतं. सिकलसेलच्या रुग्णात हे हिमोग्लोबिनच जरा वेगळं असतं. प्राणवायू सोडून दिला की त्याचे कण एकमेकांना चिकटतात, त्यांच्या लांब कांड्या बनतात, आणि गोल पेशी ताणली जाऊन वाकडी, कडक होते. अगदी विळ्यासारखी. इंग्रजीत विळ्याला सिकल म्हणतात, म्हणून हे नाव.

अरुंद रस्त्यावर उसाचा ट्रॅक्टर आडवा झाला की मागं कशी रांग लागते? तसंच बारीक रक्तवाहिनीत होतं. विळे अडकतात, पुढं प्राणवायू पोचत नाही, आणि दुखायला लागतं. हाडांत, पाठीत, पोटात, छातीत. हे दुखणं असं की मोठी माणसंसुद्धा रडतात. कित्येकदा इस्पितळात भरती करावं लागतं. शिवाय निरोगी पेशी साधारण १२० दिवस जगते, ही विळ्यासारखी जेमतेम १० ते २० दिवस. म्हणून रक्त कायम कमी, आणि दोन फेऱ्यांतच दम संपतो.

आता त्या मुलाकडं परत बघा. अंगातलं पाणी कमी झालं की विळे अडकायचा धोका वाढतो, म्हणून डॉक्टरांनी त्याला भरपूर पाणी प्यायला सांगितलंय. पाणी हे त्याचं अर्धं औषधच. या आजारात मूत्रपिंडांना पाणी धरून ठेवता येत नाही, म्हणून लघवीला सारखं जावं लागतं. थंडीनं रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून स्वेटर. अती पळापळीनंही दुखणं उठू शकतं, म्हणून बसकण. आणि गैरहजेरीचे ते दिवस? ते त्यानं अंथरुणावर तळमळत काढलेले असतात.

आणि बाई म्हणाल्या, "एका तासात दोनदा बाहेर? नाही मिळणार परवानगी. बस खाली." वर्ग हसला. मग तो काय करतो, सांगा बघू? पाणीच कमी पितो! म्हणजे बाहेर जायला नको, विचारायला नको, कोणी हसायला नको. दोन दिवसांनी त्याचा बाक रिकामा असतो, आणि वर्गात कोणीतरी म्हणतं, "बघा, मारली दांडी!"

बाईंना तरी कसं कळणार, असं तुम्ही म्हणाल. खरं आहे. विळे काय डोळ्यांना दिसतात? ते पहिल्यांदा नोंदवले गेले १९१० साली. शिकागोच्या जेम्स हेरिक या डॉक्टरांनी ग्रेनाडा बेटावरून शिकायला आलेल्या एका तरुणाच्या रक्तात ते सूक्ष्मदर्शकातून पाहिले होते. भारतात हा आजार १९५२ साली निलगिरीच्या डोंगरात आढळला. आज आपल्या महाराष्ट्रात नंदुरबार, गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर, अमरावती अशा जिल्ह्यांत त्याचे रुग्ण आहेत. २०२३ साली केंद्र सरकारनं सिकलसेल निर्मूलनाची देशव्यापी मोहीम सुरू केली आणि ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची रक्त तपासणी करायचं ठरवलं. तुमच्या शाळेत कधी अशी तपासणी झाली तर घाबरून संडासात लपू नका हं!

इथं आई-बाबांशी थोडं बोलायचं आहे. हा आजार संसर्गजन्य नाही. एका ताटात जेवल्यानं, एका बाकावर बसल्यानं होत नाही. तो आई आणि वडील दोघांकडून येतो. एकाकडूनच दोष आला तर मूल फक्त वाहक होतं. वाहकाला सहसा काही त्रास होत नाही. उलट मलेरियाच्या गंभीर दुखण्यापासून त्याला थोडं संरक्षणच मिळतं. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक. एवढं साधं गणित, पण पुष्कळ घरांत ते दडवलं जातं. मुलीचं लग्न कसं होईल, लोक काय म्हणतील! दडवण्यामागची भीती मला कळते. पण मग त्या पोरीचं दुखणं शाळेत कोणालाच ठाऊक नसतं आणि तिनं एकटीनंच ते ओढायचं असतं. निदान वर्गशिक्षकांना तरी सांगा. आणि ज्यांच्या घरी हे दुखणं नाही, त्यांनी दुसऱ्याच्या मुलीविषयी ऐकलेलं ओट्यावर बसून चघळू नये. ही भीती येते ती तिथूनच.

असे न दिसणारे त्रास आणखी किती तरी. एखाद्या मुलीला पहिल्या प्रकारचा मधुमेह असतो. रक्तातली साखर अचानक उतरली की हात थरथरतात, घाम फुटतो, आणि तिला तिथल्या तिथं काहीतरी गोड खावं लागतं, मग गणिताचा तास असो की परीक्षा. (२०१७ साली सीबीएसईनं अशा मुलांना बोर्डाच्या परीक्षेत गोळ्या, चॉकलेट, फळं, पाणी जवळ ठेवायची मुभा दिली.) कोणाला एकाच कानानं ऐकू येतं, त्याला चुकीच्या बाजूनं हाक मारली की तो ओ देत नाही आणि 'शिष्ट' ठरतो. कोणाला अक्षरं लावताना जीव नकोसा होतो, पण तोंडी विचारा, फाडफाड उत्तरं देईल. फेफऱ्याचा एक प्रकार असा आहे की मूल काही सेकंद नुसतं शून्यात बघत राहतं. आपल्याला वाटतं, लक्ष नाही. आणि कोणी सगळं अंग झटकत खाली पडलंच, तर कांदा आणि चप्पल हुंगवायला धावू नका. आजूबाजूच्या टोकदार वस्तू हलवा, कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, आणि घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबलं नाही तर लगेच इस्पितळ गाठायचं.

कायद्याचेही डोळे हळूहळू उघडले. १९९५ सालच्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते. २०१६ सालच्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात ते २१ झाले, आणि त्यांत सिकलसेल, थॅलसेमिया, हिमोफिलिया, स्वमग्नता, अध्ययन अक्षमता हेही आले. सिकलसेलच्या रुग्णांना एसटीनं प्रवासाची सवलतही दिली आहे. कायदा, सवलत सगळं झालं, पण कार्ड पुढं केल्यावर वरपासून खालपर्यंत न्याहाळणारी नजर कुठला कायदा बंद करणार?

या नजरेवर काही ठिकाणी तोडगा निघाला तो नव्या खुणांचा. जपानमध्ये टोकियो शहरानं २०१२ साली एक लाल पट्टी काढली. तिच्यावर पांढरी अधिकची खूण आणि खाली पांढरं हृदय. कृत्रिम सांधा बसवलेली, पोटातले आजार असलेली, नुकतंच दिवस गेलेली, अशी माणसं ती पिशवीला अडकवतात. मला मदत लागू शकते, एवढंच ती सांगते. लंडनजवळच्या गॅटविक विमानतळावर २०१६ साली सूर्यफुलांची हिरवी गळपट्टी आली. आता बंगळूरच्या विमानतळावरही ती चालते.

कल्पना चांगली आहे, गर्दीत उपयोगाचीही आहे. पण मला विचाराल तर वर्गात तिची गरज पडू नये. ज्याच्याबरोबर आपण रोज डबा खातो, त्यानं आपला विश्वास बसावा म्हणून गळ्यात पट्टी घालायची? शिवाय काहींना आपलं दुखणं सगळ्यांना सांगायचं नसतं. तो त्यांचा हक्क आहे. चिडवून, शपथा घालून ते बाहेर काढायचं नाही.

"पण कोणी खोटंच नाटक करत असेल तर?" हा प्रश्न येणारच! करतात की काही जण. पी.टी.च्या तासालाच पोट दुखणारे पोटदुखे प्रत्येक वर्गात असतात. पण हिशेब करा. खोट्यावर विश्वास ठेवला तर नुकसान काय? एका फुकट्याच्या दोन फेऱ्या वाचल्या. आणि खऱ्यावर अविश्वास दाखवला तर? तो इस्पितळात.

यातून वाट काढायची एक सोपी युक्ती काही शाळांना सापडली आहे. २०१९ साली केरळातल्या काही शाळांनी 'पाण्याची घंटा' सुरू केली. दिवसातून ठरावीक वेळी घंटा वाजते आणि सगळ्या मुलांनी पाणी प्यायचं. हेतू एवढाच होता की मुलांनी पुरेसं पाणी प्यावं. पण त्या घंटेनं आपल्या सातवीतल्या मुलाचं केवढं काम होईल, बघा. सगळेच पाणी पितात, सगळेच बाहेर जाऊन येतात, मग 'टाकी' कोणाला म्हणणार? त्याला काही सांगावं लागत नाही आणि कोणाला काही विचारावं लागत नाही.

तेव्हा एक काम करा. या आठवड्यात वर्गशिक्षकांना विचारा, पाण्याची बाटली दप्तराऐवजी बाकावर ठेवली तर चालेल का? आणि तासाला बाहेर जाण्याबद्दल तुमच्या शाळेचा नियम काय आहे? काय उत्तर मिळालं ते आम्हाला पोस्टकार्डावर कळवा. शाळेचं आणि इयत्तेचं नाव जरूर लिहा. मात्र कोणाला काय आजार आहे, ते लिहू नका हं.