वाटाड्याचा आकडा

दिवाळीनंतर अकोले तालुक्यातली सांदण दरी उतरायचा बेत चिरंजीवांनी वेळणेश्वरच्या आमच्या ओटीवर मांडला : दोन रात्री, तंबू, दोर. खर्चाच्या कागदावर मात्र साम्रद गावच्या वाटाड्याचा आकडा खोडलेला!

"नकाशा आहे ना, बाबा!"

मी समुद्राकडे बोट दाखवले. चार वर्षांपूर्वी याच शांत पाण्यात स्वारी ओढीत सापडली होती. गावच्या म्हाताऱ्या खारव्याने आधीच बजावले होते. आम्ही हसलो होतो. शेवटी त्यानेच बाहेर काढले.

"दोराने कडा उतरल्यावर मागे फिरणे कठीण. अवकाळी पाऊस आला, तर त्या चिंचोळ्या घळीत पाणी घुसते. आभाळ वाचायला नकाशाला डोळे असतात का?"

चिरंजीव गप्प. मग नव्या बुटांचा आकडा खोडून त्यांनी वाटाड्याचा लिहिला.