पहिला लघुपट करताय? कॅमेऱ्याआधी आवाज सांभाळा

परभणी असो की सेलू, लघुपटासाठी आता कॅमेरा भाड्याने आणावा लागत नाही. तो खिशातच असतो. तरीही पहिला प्रयत्न फसतो, तो बहुधा आवाजामुळे.

कमी साधनांत काय साधते, हे नागराज मंजुळे यांच्या ‘पिस्तुल्या’ने दाखवले. तेव्हाच्या अहमदनगरमध्ये शिकताना केलेल्या या लघुपटाला ५८व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत पदार्पणाचा पुरस्कार मिळाला. त्याचे बळ होते ओळखीच्या जगात.

आपले जग पडद्यावर आणायचे तर आपली बोली नीट ऐकू यायला हवी. मोबाइल लांब ठेवला की संवादापेक्षा वारा, पंखा, ट्रॅक्टरच जास्त ऐकू येतो. उपाय सोपा:

• दुसरा मोबाइल कलाकाराजवळ लपवून त्यावर आवाज रेकॉर्ड करा.
• सुरुवातीला टाळी वाजवा. एडिटिंगमध्ये चित्र-आवाज जुळवता येतात.
• प्रत्येक ठिकाणचा अर्धा मिनिट नुसता आसपासचा आवाज घ्या.
• उन्हाळ्यात भर दुपारी मोबाइल तापतो. शूटिंग सकाळी किंवा संध्याकाळी करा.

आवाज बिघडला की डबिंग आले आणि डबिंगच्या खोलीत बोली पुस्तकी होते. परभणीच्या गोष्टीतून परभणीचेच बोलणे गेले, तर उरले काय? म्हणून हातातले थोडे पैसे लेन्सआधी कॉलर माइकवर खर्च व्हावेत.